साडेतीन मिनिटांची लावणी

लावणीची अवनती झाली आणि ती ध्वनिमुद्रिकांच्या व चित्रपटांच्या धंद्याने केली, हे विधान आपल्याकडे इतक्या वेळा व इतक्या निःशंकपणे केले जाते, की त्याची परीक्षा करावी असे फारसे कोणास वाटत नाही. विधान करणाऱ्याची स्वतःची अभिरुची ज्या लावण्यांवर पोसली गेली, त्या बहुधा त्याच धंद्याने त्याच्या कानी घातलेल्या असतात, ही गोष्ट मात्र ध्यानात घेतली जात नाही. पदव्युत्तर वर्गात ‘पारंपरिक लावणीचे एखादे उदाहरण द्या’ असे विचारले असता प्रस्तुत लेखकास गेली अनेक वर्षे जे उत्तर सर्वांत अधिक वेळा मिळाले, त्यात होनाजी नव्हता, प्रभाकर नव्हता आणि पठ्ठे बापूरावही नव्हते. ते उत्तर ‘सांगत्ये ऐका’ या चित्रपटातील बुगडीच्या लावणीचे होते.

हे उत्तर चुकीचे म्हणून खोडून टाकणे सोपे आहे. परंतु ते विचारात घेण्यासारखे आहे. चित्रपट १९५९ चा. दिग्दर्शन अनंत माने यांचे, संगीत वसंत पवारांचे, पद ग. दि. माडगूळकरांचे, स्वर आशा भोसले यांचा आणि पडद्यावरील नृत्य जयश्री गडकरांचे. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो शंभरांहून अधिक आठवडे चालला. माडगूळकर माणदेशचे, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्याचे; आशा भोसले यांचा जन्म १९३३ साली सांगलीतच झालेला; आणि ज्या गावी जाताना नायिकेचे ते कर्णभूषण हरवते, ते गाव सातारा. भाषा, भूगोल आणि गळा हे तिन्ही आमच्याच मुलखातले असल्यामुळे सातारा-सांगलीकडच्या श्रोत्यास ती लावणी वाडवडिलांपासून चालत आलेली वाटते. वाडवडिलांनी ती तिकीट काढून ऐकली होती, एवढाच काय तो फरक. तो फरक कोणत्या स्वरूपाचा आहे आणि त्यामुळे मूळ कलाप्रकारात नेमके काय बदलले, हा या टिपणाचा विषय होय.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. धंद्याचे आगमन होण्यापूर्वी लावणी ही रानफुलासारखी आपोआप उमलत होती आणि मागाहून बाजाराने ती खुडली, अशी एक कल्पना आपल्या समीक्षेत सुप्तपणे वावरत असते. तिला इतिहासाचा आधार नाही. पेशवाईतील शाहिरांची लावणी आश्रयदात्यांच्या पैशावर उभी होती. पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६–१९४५), हे वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे; त्या वेळचा जिल्हा सातारा. गावकी सोडून ते तमाशात गेले आणि पवळा हिच्यासह त्यांच्या फडाने जी कीर्ती मिळवली, तिच्यात मुंबईच्या गिरणगावातील प्रेक्षकाचा मोठा वाटा होता. तो प्रेक्षक सातारा व रत्नागिरीकडून पोटासाठी गेलेला कामगार होता आणि तो रोकड मोजून आत बसत असे. लावणी विकली जात होतीच. शर्मिला रेगे यांनी लावणी व पोवाडा यांवरील आपल्या २००२ मधील लेखात आणि तत्पूर्वीच्या लेखनात दाखविल्याप्रमाणे या विक्रीत जातीची उतरंड व स्त्रीदेहावरील सत्ता ही दोन्ही गुंतलेली होती. ज्यांना जुन्या बैठकीविषयी हळहळ वाटते त्यांनी ‘दौलतजादा’ या शब्दाचा अर्थ कलावंतिणीच्या बाजूने एकदा वाचून पाहावा.

तेव्हा व्यापार आला हा बदल नव्हे. बदल आहे तो व्यापाराच्या रीतीत. बैठकीत विकत घेणारा समोर बसलेला असतो. एखादा चरण आवडला तर तो पुन्हा मागतो, गाणारी तोच चरण निराळ्या भावाने देते, आणि लावणी किती वेळ चालावी हे त्या दोघांच्या देवघेवीतून ठरते. ध्वनिमुद्रिकेचा ग्राहक गाणारीस दिसत नाही. त्याची आवड आधीच कोणी तरी अंदाजून ठेवावी लागते, आणि अंदाज करणारा हा तिसरा माणूस, म्हणजे कंपनीचा अधिकारी, वितरक, संगीत-दिग्दर्शक, येथपासून लावणीच्या रचनेत शिरतो.

या तिसऱ्या माणसाचा पहिला परिचय आमच्या भागास लावणीच्या द्वारे झाला नाही. तो नाट्यसंगीत व ख्यालगायन यांच्या द्वारे झाला. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रणास १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास प्रारंभ झाला आणि गौहरजानचा आवाज तबकडीवर उतरला. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर सव्वातीन, फार तर साडेतीन मिनिटे मावत. हे माप कोणत्याही सौंदर्यविचारातून आलेले नव्हते. ते लाखेच्या चकतीच्या व्यासातून आणि तिच्या फिरण्याच्या वेगातून आले होते. तरीही पुढील सहा-सात दशके हिंदी व मराठी गाण्याचा घाट त्याने ठरविला. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस दीर्घ काळ वाजणाऱ्या तबकड्या आपल्याकडे आल्या, तेव्हाही चित्रपटगीत साडेतीन मिनिटांचेच राहिले. यंत्राची मर्यादा संपली होती. तोपर्यंत ती कानाची मर्यादा होऊन बसली होती.

मिरज हे या बाबतीत विलक्षण बोधप्रद गाव आहे. अब्दुल करीम खाँ यांनी आयुष्याचा उत्तरकाळ तेथे घालविला. १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना प्रवासात त्यांचे देहावसान झाले आणि दफन मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात झाले. त्यांच्या उत्तरवयातील ओडियन कंपनीच्या तबकड्या देशभर गेल्या. झिंझोटीतील त्यांची ठुमरी आजही ऐकली जाते, आणि तीच ठुमरी १९३५ च्या ‘देवदास’ चित्रपटात सैगलांच्या मुखी आहे. गदगच्या एका दुकानात वाजणारी खाँसाहेबांची तबकडी ऐकून भीमसेन जोशी या मुलाने गाण्याच्या शोधात घर सोडले, ही कथा सर्वश्रुत आहे. धंद्याने गाणे आखडले हे खरे. पण ज्याने ते कधीच ऐकले नसते त्याच्यापर्यंत ते आखडून का होईना नेले, हेही तितकेच खरे. ज्या गायकाचा विलंबित ख्याल तासभर चालावा त्याची साडेतीन मिनिटे ऐकून ज्यास उरलेल्या तासाची तहान लागते, अशा श्रोत्याचे काय करावयाचे, हा प्रश्न अवनतीच्या सिद्धान्तास सुटत नाही. (मिरजेच्या सतारमेकरांची कथा निराळी आहे. तेथील सतार व तानपुऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि आज गायकांच्या घरोघरी तंबोऱ्याच्या जागी विजेवर चालणारी पेटी आहे. मान आणि मागणी एकाच दिशेने चालतात असे नाही.)

नाट्यपदाचे मात्र नुकसान अधिक झाले. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले. गोविंद बल्लाळ देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे. देवलांच्या ‘शारदे’तील (१८९९) पदे म्हणजे पात्रांचे बोलणेच आहे, जरठकुमारीविवाहाच्या प्रसंगापासून ती तोडली की त्यांचे अर्धे अंग गळून पडते. तबकडीने ती तोडली. पद प्रसंगातून सुटले, मैफलीत गेले, तेथे तानांनी वाढले आणि नाटक मागे राहिले. दीनानाथ मंगेशकरांची बळवंत संगीत मंडळी सांगलीत स्थिरावली आणि बोलपटांच्या लाटेत तिने चित्रपटनिर्मितीही करून पाहिली. ती यशस्वी झाली नाही. ज्या घरातील नाट्यव्यवसाय बोलपटाने बुडविला त्याच घरातील मुलींच्या आवाजावर पुढे हिंदी-मराठी चित्रपटसंगीताचा डोलारा उभा राहिला. यात काव्यगत न्याय शोधण्याचे कारण नाही. बाजार एका दाराने घालवितो आणि दुसऱ्या दाराने बोलावतो, आणि दोन्ही वेळा अटी त्याच्या असतात, एवढेच.

आता लावणीकडे वळू. बैठकीची लावणी म्हणजे काय हे सांगण्यास वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांच्याइतके उत्तम उदाहरण नाही. कोल्हाटी समाजात जन्म, बालपणी आईबरोबर दारोदार गाणे, पुढे स्वतःची संगीत पार्टी, १९९५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २०१२ साली पद्मश्री, असा एकशेदोन वर्षांचा त्यांचा प्रवास आहे. ठुमरी, गझल, तराणा हे प्रकार त्यांना अवगत होते, आणि त्याचा परिणाम त्यांच्या लावणीवर स्पष्ट दिसे. बसून गावयाचे, लय संथ ठेवावयाची आणि एकाच ओळीवर थांबून डोळे, भुवई, मनगट व आवाज यांनी तिचे अर्थ एकामागून एक उलगडावयाचे, ही त्या गायकीची रीत. शब्द तेच, पहिल्या वेळी ती तक्रार असते, दुसऱ्या वेळी थट्टा, तिसऱ्या वेळी तीच ओळ स्वतःशी बोललेली असते. यास ‘अदा’ म्हणतात. अदेस मराठी समीक्षेने कधी परिभाषा दिली नाही, कारण अदा लिहून ठेवता येत नाही. बालेघाटी लावणीतील विरहाचा विस्तार हा तर सर्वस्वी अशा थांबण्यावरच अवलंबून असतो.

ध्वनिमुद्रणात या दहा अर्थांतील एक निवडावा लागतो. तो कोणी निवडावा, हा वादाचा विषय होऊ शकेल. निवडावा लागतो हे निर्विवाद आहे. एकदा निवडला की तो सहस्र वेळा तसाच वाजतो, आणि काही वर्षांनी तोच ‘मूळ’ अर्थ ठरतो. मग नवी गाणारी निराळी अदा करू लागली तर श्रोत्यास ती चुकल्यासारखी वाटते. जुन्या लावणीचा मूलधर्म जो पर्याय, तोच येथे दोष होतो. धंद्याने केलेला खोल बदल प्रस्तुत लेखकाच्या मते हा आहे. लावणी उथळ झाली, अश्लील झाली, तिची लय चढली, या तक्रारी त्या मानाने किरकोळ होत. अश्लीलतेची तक्रार तर पेशवाईतील लावणीविषयीही होती.

चित्रपटाने आणखी एक विभागणी केली. बैठकीत गळा, चेहरा आणि देह एकाच स्त्रीचे असतात. चित्रपटात आवाज एकीचा, मुद्रा दुसरीची; ढोलकीचा तोडा कोठे पडावयाचा हे तिसऱ्याने कागदावर लिहिलेले. अदेचे असे तुकडे झाले म्हणजे प्रत्येक तुकड्याने आपापल्या परीने अधिक बोलावे लागते. नृत्य अधिक ठसठशीत होते, मुरका अधिक रेखीव होतो, मधल्या जागा सनई, क्लॅरिओनेट व व्हायोलिन भरून काढतात. १९४७ च्या ‘लोकशाहीर राम जोशी’पासून तमाशापटांची जी परंपरा चालू झाली आणि ‘पिंजरा’पर्यंत (१९७२) जी जोमात होती, तिच्यातील लावण्या या अर्थाने एक नवीनच कलाप्रकार आहेत. त्या प्रकारातील उत्तम कृती उत्तमच आहेत. माडगूळकरांची लावणीरचना जुन्या शाहिरांच्या मधल्या प्रतीच्या कैक लावण्यांहून सरस आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. त्यांस माणदेशी बोलीचे कान होते आणि दागिना, गाव, वाट, बाजार अशा ऐवजावर शृंगार तोलून धरण्याची जुन्या लावणीची युक्ती त्यांनी नेमकी उचलली होती. जे जुने भासते ते किती विचारपूर्वक घडविलेले असते, याचा तो वस्तुपाठ आहे.

सुलोचना चव्हाण (१९३३–२०२२) यांचे उदाहरण अवनतीच्या सिद्धान्तास सर्वांत अधिक अडचणीचे ठरते. त्यांचा जन्म मुंबईचा. त्या फडात वाढलेल्या नव्हत्या, लावणीवर नाचल्या नाहीत, आणि मंचावर गाताना त्या डोईवरून पदर घेऊन उभ्या राहात. ‘रंगल्या रात्री अशा’ (१९६२) व ‘मल्हारी मार्तंड’ (१९६५) या चित्रपटांतील लावण्यांनी त्यांचे नाव घरोघरी झाले. देहाची अदा नाकारलेली, बैठक नाही, समोर श्रोता नाही; राहिला केवळ ध्वनिक्षेपक. मग त्यांनी केले काय? अदा व्यंजनांत नेली. शब्दाचे पहिले अक्षर किती दाबावयाचे, श्वास कोठे ऐकू येऊ द्यावयाचा, ओळीच्या शेवटी आवाज कसा तोडावयाचा, यांतून डोळ्यांचे काम त्यांनी जिभेकडून करून घेतले. ही कला ध्वनिमुद्रणाशिवाय जन्मासच आली नसती. तिला लावणीची हानी म्हणावे, तर ऐकताना आपण माना डोलावतो त्या कशासाठी?

तथापि कलेचा हिशेब एक आणि कलावंताचा हिशेब दुसरा. फडातून व बैठकीतून चाली, उठावण्या, ढोलकीचे बोल चित्रपटात आले. तबकडीवर नाव मात्र संगीत-दिग्दर्शकाचे व कंपनीचे छापले गेले. १९५७ चा प्रतिलिपी-अधिकार कायदा ज्ञात कर्त्याच्या कृतीस संरक्षण देतो. परंपरेने चालत आलेली चाल कोणाचीच नसल्यामुळे ती कोणीही घ्यावी. प्रयोगकर्त्याचा म्हणून काही हक्क असतो ही गोष्ट आपल्या कायद्यात आली ती १९९४ च्या दुरुस्तीने, पंचवीस वर्षांच्या मुदतीपुरती, आणि १९९९ साली ती मुदत पन्नास वर्षांची झाली. म्हणजे पहिल्या तबकडीनंतर नव्वदांहून अधिक वर्षे गाणाऱ्या स्त्रीचा आपल्या गाण्यावर, गाणारी म्हणून, कायद्याने काहीही अधिकार नव्हता. लोकसंगीताच्या अभ्यासात हे कलम क्वचितच येते. ते छंदांच्या चर्चेइतकेच महत्त्वाचे आहे.

आणि उसनवारीचा माल परत फिरला. ढोलकीफडाच्या तमाशाचा क्रम गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग असा. रंगबाजीत पूर्वी फडाच्या शाहिराच्या लावण्या होत. हळूहळू तेथे चित्रपटातील लावण्यांची फर्माईश होऊ लागली आणि पुढे लावणीच कशाला, कोणतेही चालू चित्रपटगीत चालू लागले. चित्रपटाने फडाची नक्कल केली, मग फडाने त्या नकलेची नक्कल केली, आणि यात्रेतील प्रेक्षकास दुसरी नक्कल पहिलीशी किती तंतोतंत जुळते यावरून फडाची प्रत ठरविण्याची सवय लागली. मिरज तालुक्यातील कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांचा फड या काळातही ‘जहरी प्याला’सारख्या वगाच्या बळावर उभा राहिला, कारण वगातील विनोद हा हजरजबाबी असतो आणि त्याची तबकडी निघाली तरी तो समोरच ऐकावा लागतो. परंतु वग रात्री उशिरा लागतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंदी आली, आणि १५ वर्षांखालील प्रेक्षकाने पहाटेपर्यंत चाललेला वग कधी पाहिलेलाच नाही अशी गावे तयार झाली. नियम आवश्यक होता, यात संशय नाही. त्याचा मार रंगबाजीस बसला नाही, वगास बसला, इतकेच नोंदवावयाचे.

अभिरुची घडविणारा हात केवळ व्यापाऱ्याचा असतो असे समजणे, म्हणूनच, अपुरे आहे. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध घातले आणि मग दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली त्याच्या सुधारणेसाठी समिती नेमली. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांनी अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांजसह लाल बावटा कलापथकातून तमाशाचे लोकनाट्य केले. गणातील गणेशवंदनेच्या जागी मातृभूमी, शिवराय व श्रमिक आले आणि गौळण गळाली. सरकारला शालीनता हवी होती, चळवळीस आशय हवा होता. दोघांनाही लावणीची अडचण झाली. चित्रपटास मात्र लावणीच हवी होती. समाजाने बाजूस सारलेली वस्तू बाजाराने उचलली, हे म्हणणे कटू असले तरी खरे आहे.

आकाशवाणीचे उदाहरण तर प्रसिद्धच आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी १९५२ साली नभोवाणीमंत्री या नात्याने चित्रपटगीतांना जवळजवळ हद्दपार केले. श्रोत्यांनी सुई रेडिओ सिलोनकडे वळविली. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू करावी लागली. १९६३ मध्ये सांगलीस आकाशवाणी केंद्र आले आणि या भागातील भजनी मंडळे, शाहीर, ओव्या म्हणणाऱ्या स्त्रिया यांना प्रथमच आपल्याच जिल्ह्यातील ध्वनिक्षेपक मिळाला. त्या केंद्राने केलेले काम मोलाचे आहे. परंतु तेथेही कार्यक्रम मिनिटांनी मोजलेला, लोकगीत ठरलेल्या वेळेत बसविलेले. घड्याळ सरकारी असो वा खासगी, ओळीवर थांबणे त्यास परवडत नाही.

पाश्चात्त्य विचारवंतांपैकी अडोर्नो यांनी लोकप्रिय संगीतावरील १९४१ च्या निबंधात साचेबंदपणाचा जो सिद्धान्त मांडला तो येथे जसाच्या तसा लावता येत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्यांच्या दृष्टीपुढे एकच केंद्रीभूत उद्योग होता. आपल्याकडे १९८० नंतर कॅसेट आली आणि तिने ते केंद्रच फोडले. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात उत्तर भारतातील कॅसेटच्या प्रसाराचा जो अभ्यास केला, त्यात लहान भांडवलाचे प्रादेशिक उत्पादक कसे उभे राहिले आणि लोकसंगीतास कसा नवा बाजार मिळाला हे सविस्तर आले आहे. आमच्याकडेही बसस्थानकाबाहेरच्या टपरीवर वगाच्या, भारुडाच्या, कीर्तनाच्या कॅसेटी मिळू लागल्या. साठ मिनिटांच्या कॅसेटीची एक बाजू अर्ध्या तासाची. तबकडीने हिरावलेला वेळ यंत्राने स्वतःहून परत देऊ केला होता. बैठकीची लावणी अर्धा तास सलग ध्वनिमुद्रित व्हावयास आता कोणतीही तांत्रिक आडकाठी नव्हती. ती झाली नाही. कॅसेटीवर निघाल्या त्या पुन्हा साडेतीन मिनिटांच्या दहा लावण्या. आज भ्रमणध्वनीवर तीस सेकंदांचे तुकडे फिरतात आणि वरातीपुढे ‘डॉल्बी’च्या भिंतीतून त्याच तुकड्यांचे ठोके ऐकू येतात, त्याचे नवल वाटण्याचे कारण नाही. माप कमी होण्याची सवय फार आधी लागली होती.

राहिला प्रश्न आपला, म्हणजे विद्यापीठीय अभ्यासकांचा. म. वा. धोंड यांचा ‘मऱ्हाटी लावणी’ हा ग्रंथ १९५६ चा. लावणीस गंभीर अभ्यासविषय म्हणून प्रतिष्ठा देण्यात त्याचा वाटा मोठा आहे. परंतु नंतरच्या आमच्यासारख्यांनी त्यातील चिकित्सा घेण्याऐवजी लावणी म्हणजे छापील कविता एवढाच समज घेतला. बाडांतून संहिता काढल्या, पाठभेद लावले, वृत्ते मोजली. गाणारीने एक ओळ किती वेळा म्हटली हे संपादनात कधीच आले नाही. ध्रुपद एकदा छापून पुढे ‘ध्रु.’ असे अक्षर टाकण्याची आपली पद्धत आहे. कंपनीच्या ध्वनिमुद्रकाने जे केले तेच या एका अक्षराने होते.

येथे प्रथमपुरुषी बोलणे भाग आहे. १९८० नंतरच्या दशकात मी संशोधक विद्यार्थी असता वाईजवळच्या एका गावी एका वृद्ध बैठकीच्या गायिकेच्या लावण्या मुद्रित करण्यास गेलो होतो. जवळ एक लहान यंत्र आणि चार कॅसेटी होत्या. पैसे बेताचे, तेव्हा फीत जपून वापरावयाची. बाई गाऊ लागल्या. पहिला चरण झाला, तो पुन्हा झाला, आणखी एकदा झाला. शब्द तेच आहेत असे पाहून मी कळ दाबून यंत्र थांबविले आणि पुढचा चरण येण्याची वाट पाहात बसलो. बाईंच्या ते लक्षात आले. त्यांनी पेटीवाल्यास खूण करून गाणे थांबविले आणि विचारले, ‘‘मास्तर, मशीन का थांबवलंसा? बाई अजून रुसलीच न्हाई.’’

मला वाटले त्या स्वतःविषयी बोलत आहेत. मी क्षमा मागितली आणि यंत्र पुन्हा चालू केले. परंतु पुढच्या लावणीस मी तेच केले, आणि त्यापुढच्या लावणीसही. बाई पुन्हा काही बोलल्या नाहीत. ‘बाई’ म्हणजे लावणीतील नायिका, आणि तिचा रुसवा त्या ओळीच्या पाचव्या किंवा सहाव्या आवर्तनात येणार होता, हे माझ्या ध्यानात आले ते फार वर्षांनी, यमुनाबाईंची बैठक प्रत्यक्ष ऐकण्याचा योग आला तेव्हा. तोपर्यंत माझा प्रबंध मान्य होऊन गेला होता. त्याच्या परिशिष्टात त्या गायिकेच्या एकोणीस लावण्यांच्या संहिता आहेत. पाठ निर्दोष आहेत, ध्रुपदे एकदाच छापलेली आहेत. कॅसेटी माझ्यापाशी आहेत. त्यांपैकी एकही लावणी चार मिनिटांपेक्षा अधिक चालत नाही.